पंधरा सेकंदांचं घर

गुरुलिंगअप्पांचं नवं घर बांधून आठ महिने झाले होते, आणि ज्या बाईच्या नावानं ते बांधलं तिनं अजून आत पाऊल ठेवलेलं नव्हतं.

घराला नाव ठेवायला जागा नव्हती. चाकूरहून अहमदपूरकडे निघालं की डाव्या अंगाला लागणाऱ्या त्या गावात पिस्ता रंगाचं एवढं एकच घर. पाया कातळ लागेपर्यंत खणलेला, खांब बारा, आणि कुठल्या खांबात किती सळ्या हे अप्पा आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला साखर देता देता सांगत. दारावरच्या संगमरवरी पाटीवर ‘सिद्धाई, ता. चाकूर, जि.’ एवढं कोरून पुढची जागा कोरी सोडली होती. उदगीरचा नवा जिल्हा होणार याबद्दल अप्पांच्या मनात तिळभर शंका नव्हती. आपला तालुका त्यात जाणार की लातुरातच राहणार, एवढं सरकारनं सांगितलं की पाटी पुरी व्हायची. सरकारला घाई नव्हती आणि अप्पांनाही नव्हती.

त्यांची बायको सिद्धम्मा राहायची अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर त्या भागात घरोघरी अशी शेडं उभी राहिली होती. पुढे लोकांची भीती मोडली, शेडात कडबा आला, शेळ्या आल्या. सिद्धम्माच्या शेडात मात्र तेविसावं वर्ष चालू होतं. तिची चूल तिथंच, खाट तिथंच, देवही तिथंच. तिचं माहेर किल्लारीकडचं. त्या पहाटे माहेरची सगळी माणसं घरात होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, आणि अप्पांनीही कधी विचारलं नव्हतं.

“आगं, हे आरशीशी हाय, सिमिट-सळईचं,” अप्पा रोज सांगत. “ते दगडमातीचं होतं. ह्याला हत्ती बांधला तरी हलायचं न्हाई.”

“हत्ती कुठला बांधता? शेळीला पाणी न्हाई.”

“तू आत तर ये एकदा.”

“तुम्ही जावा की आत. म्या हाय हितं.”

हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं की शेजारच्या श्रीमंतला ते तोंडपाठ होतं. श्रीमंत हा अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या शेतातल्या दोन्ही बोअरमधून यंदा नुसती धूळ निघाली होती, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता.

अप्पा स्वतः कधी शेडात झोपले नाहीत. जुन्या दगडमातीच्या घरातही ते आतच झोपत आणि आता स्लॅबखालीही आतच झोपत. माणसानं छपराखाली निजावं, असं त्यांचं मत होतं. आपण मुळीच भीत नाही आणि बायको भारी भित्री आहे, हे त्यांनी तेवीस वर्षं पंचक्रोशीला सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की चार खोल्यांच्या घरात एकट्यानं राहून ते पार कंटाळले होते. ताट शेडातून यायचं, ते हॉलमध्ये बसून एकटेच जेवायचे. पण हे काही दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. तिथं त्यांनी एवढंच जाहीर केलं की येत्या अक्षय तृतीयेला गृहप्रवेश आहे, आणि त्या दिवसापासून सिद्धम्मा आतच राहणार.

“वैनी हो म्हणल्या का?” श्रीमंतनं विचारलं.

“म्हणंल. त्याचा बंदोबस्त केलाय म्या.”

बंदोबस्त होळीनंतरच्या रविवारी आला. अप्पांचे जावई मन्मथराव लातूरच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत आणि फावल्या वेळात यंत्रं बनवत. त्यांनी भूकंपाची आगाऊ सूचना देणारं यंत्र बनवलं होतं. एक डबा भूकंपाच्या पट्ट्यात ठेवायचा आणि एक भोंगा आपल्या घरावर. डबा त्यांनी औसा तालुक्यात आपले चुलते गुरुबसप्पा यांच्या घरी, कोपऱ्यात जमिनीला सिमेंट लावून बसवला होता. भोंगा अप्पांच्या गच्चीवर चढला.

“त्याचं असं आहे मामा,” मन्मथरावांनी समजावलं. “जमीन हलते तेव्हा आधी एक बारीक हादरा येतो. तो पळतो जोरात, पण नुकसान करत नाही. घरं पाडणारा मोठा हादरा त्याच्या मागून सावकाश येतो. तिकडं बारीक हादरा लागला की डबा तिथं शिट्टी मारतो, आणि त्याच क्षणी मोबाइलवरून इथला भोंगा वाजवतो. मोठा हादरा इथवर पोचेपर्यंत आपल्याला पंधरा सेकंद मिळतात.”

“म्हंजी भूकंप निघाला की आपल्याला फोन,” अप्पा म्हणाले. “पावना येतो म्हणून कळवतो तसं. ऐकलंस का गं?”

सिद्धम्मा शेडाच्या दाराशी तांदूळ निवडत होती. “पंधरा शेकंदात काय होतंय?”

“बाहेर पडता येतं, मामी.”

तिनं सूप खाली ठेवलं. “चालून बगू मंग.”

अप्पांना वाटलं, निम्मा किल्ला सर झाला. इथून पुढं जे झालं त्याला तसं पाहिलं तर कुणाचाच दोष नव्हता.

आत जायचं नाही हा सिद्धम्माचा नेम, म्हणून चालायचं काम तिच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच गुडघेदुखीच्या साखराबाईकडे आलं. साखराबाई गल्लीच्या टोकाला राहायची. तिनं नव्या घराच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहायचं, श्रीमंतनं मोबाइलवर वेळ लावायची, आणि ‘चला’ म्हटलं की तिनं अंगणात यायचं. पहिल्या खेपेला एक्केचाळीस सेकंद लागले.

“येवढा येळ?” अप्पा म्हणाले. “वाटंत बसली होतीस का?”

“बसले न्हाई, अडकले,” साखराबाई म्हणाली. “तुमच्या बोळात तीन पिपं हायती.”

पाण्याचा टँकर गावात आठ दिवसांनी यायचा. तीन निळी पिपं हीच घराची खरी श्रीमंती होती आणि त्यांना हात लावायचा म्हणजे छातीवर दगड ठेवायचा. पण अप्पांनी मन घट्ट केलं. पिपं निजायच्या खोलीत गेली, म्हणून पलंग हॉलमध्ये आला, म्हणून सोफा ओसरीवर गेला, आणि ओसरीची लोखंडी जाळी उघडेना. जाळीच काढून टाकली. तीस सेकंद.

पुढचा अडसर म्हणजे सागवानी दार. ते उदगीरचे सुतार धोंडप्पा यांनी चार महिने खपून केलं होतं आणि त्याला कडी, अडसर आणि दोन बोल्ट होते. धोंडप्पांना बोलावणं गेलं. दार बसवायला आल्यासारखे ते हौसेनं आले आणि काढायचं आहे हे ऐकून ओसरीच्या पायरीवर बसले.

“माझ्या दाराचं काय चुकलं?”

“चुकलं काहीच न्हाई. ते लावलेलं असतंय.”

“दार लावायलाच असतंय, अप्पा.”

“आमच्या हितं न्हाई,” अप्पा ठामपणे म्हणाले.

दार निघालं, तेवीस सेकंद. उंबरे तासले, वीस. शेवटी मन्मथरावांनीच सुचवलं की स्वयंपाकघराची बाहेरची भिंत फोडून थेट अंगणात वाट केली तर प्रश्नच मिटतो. खांब शाबूत ठेवून भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. साखराबाई त्यातून साडेबारा सेकंदांत बाहेर आली आणि तिनं श्रीमंतला पुन्हा वेळ बघायला लावली, इतकी ती खूश झाली.

आता घराला एकही दार नव्हतं. गल्लीतल्या लोकांना विहिरीकडे जायचा नवा रस्ता मिळाला. ते ओसरीवरून शिरून भगदाडातून निघत. साखराबाईची शेळी रोज संध्याकाळी हॉल ओलांडून घरी जाई, आणि जाताना सोफ्याकडे बघून जाई. अप्पांनी कशालाच हरकत घेतली नाही.

“बघ,” ते सिद्धम्माला म्हणाले. “साडेबारा. अडीच शेकंद शिल्लक.”

“ती साखरा झाली. तुम्ही चालून दाखवा.”

“म्या कशाला?”

“ऱ्हाणार तुम्ही बी हाव की आत.”

“मला काय धाड भरलीय? भोंगा वाजला तरी म्या चहा पिऊन निघंन. माझी फिकीर करू नको.”

“एकदा दाखवा,” सिद्धम्मा म्हणाली.

अप्पांनी हात उडवला आणि ते दुकानाकडे गेले. त्यानंतर तिनं हे आणखी तीन-चार वेळा म्हटलं आणि दर वेळी अप्पांनी हात उडवला. घरमालकानं आपल्याच घरातून पळून दाखवायचं, हे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं.

एप्रिल संपत आला आणि एका सकाळी सव्वासहाला भोंगा वाजला.

गाव एका दमात रस्त्यावर आलं. कुणी दात घासता घासता, कुणी धार अर्धवट सोडून. साखराबाईनं शेळी उचलून आणली. श्रीमंत घोंगडं पांघरूनच आला, मे महिना तोंडावर असताना. अप्पा तेवढे आधीच बाहेर होते, कारण सहाला दुकान उघडायचा त्यांचा शिरस्ता. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. पंधरा सेकंद गेले, मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. काहीच हललं नाही.

त्याच दिवशी दुपारी चारला तो पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहा, दुपारी चार. तिसऱ्या दिवशीही तेच.

अप्पांनी जावयांना फोन लावला. मन्मथरावांनी लगोलग चुलत्यांना विचारलं. गुरुबसप्पा म्हणाले, जमीन बिलकुल हलली नाही, आणि डब्याला तर आपण डोळ्यात तेल घालून जपतो आहोत. आता मन्मथराव शिकलेले गृहस्थ. माणसाला कळत नाही असे बारीक धक्के आपला डबा पकडतो आहे, तेही दिवसातून दोनदा ठरल्या वेळी, हे पाहून त्यांची झोप उडाली. असा भूकंप जगात कुणी नोंदवलेला नव्हता. त्यांनी तक्ते काढले, एक लांबलचक निबंध लिहायला घेतला. पण शंका त्यांनाही होती.

“मामा, आपण भोंगा काही दिवस बंद ठेवू का?”

“बंद कशाला? वाजतंय म्हंजी जागं हाय. न वाजणाऱ्याची भीती धरावी माणसानं.”

गावानं मान डोलावली, आणि गाव कशालाही सरावतं तसं यालाही सरावलं. आठवडाभरात सव्वासहाच्या भूकंपाला लोक अंथरुणं गोळा करू लागले आणि चारच्या भूकंपाला चहा ठेवू लागले. श्रीमंतनं घड्याळाला किल्ली देणं सोडलं. “पहिल्या भूकंपाला निघालो तर अहमदपूरची यष्टी गावती,” असं लोक एकमेकांना सांगत. सिद्धम्मा मात्र दर वेळी हातातलं काम थांबवायची, शेडाच्या दारात येऊन एक ते पंधरा आकडे मोजायची आणि नव्या घराकडे बघत राहायची. मग दुकानाच्या दिशेनं एक नजर टाकून कामाला लागायची.

अक्षय तृतीया उजाडली. दुष्काळ असा होता की आमंत्रणाच्या पत्रिकेतच ‘येताना आपापलं पाणी आणावं’ असं छापलं होतं, आणि पाहुणे आहेराबरोबर बाटल्या घेऊन आले. लेक शिवगंगा आणि मन्मथराव आदल्या दिवशीच आले होते. गावचे वृद्ध स्वामी आले, त्यांची पाद्यपूजा झाली. स्वामींनी सांगून टाकलं होतं की घरच्या लक्ष्मीनं आपल्या हातानं आत दूध उतू घातल्याशिवाय गृहप्रवेश धरला जाणार नाही. तिच्याऐवजी साखराबाई चालणार नाही.

सगळे आत जाऊन बसले. सिद्धम्मा हिरवं लुगडं नेसून, हातात दुधाचं पातेलं घेऊन ओसरीवर उभी राहिली. तासलेल्या उंबऱ्याच्या अलीकडे तिची पावलं थांबली. आतून शंभर डोळे तिच्याकडे बघत होते. अप्पांच्या कपाळावर घाम आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की ही नाहीच म्हणेल, आणि आपण म्हातारपणी असेच हॉलमध्ये एकटे जेवत मरू.

“चल,” ते हळू म्हणाले. “म्या हाय की. तुला सोडून कुठं जातोय?”

सिद्धम्मानं त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. “दूध घालून बाहेर येनार म्या,” ती म्हणाली आणि तिनं पाऊल आत टाकलं.

शिवगंगेनं डोळ्याला पदर लावला. अप्पा ताठ झाले. स्वयंपाकघरात शेगडी पेटली, पातेलं चढलं. नवराबायको ओट्याशी उभे राहिले, त्यांच्या मागे श्रीमंत आणि साखराबाई, हॉलमध्ये स्वामी आणि पाहुणे. दूध सायीवर आलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी भोंगा वाजला.

सव्वासहाचा असता तर कुणी मान वळवली नसती. चारचा असता तर कुणीतरी चहाचं विचारलं असतं. पण अकरा वीसचा भूकंप गावाच्या वेळापत्रकात नव्हता. हा खरा, असं एकाच वेळी सगळ्यांच्या मनात आलं. हॉल रिकामा झाला. दार नव्हतं, जाळी नव्हती, उंबरा नव्हता, त्यामुळे कुणी कुठंही अडकलं नाही. स्वामींचं वय ऐंशीच्या घरात, ते दोघा पाहुण्यांना मागे टाकून अंगणातल्या निंबाखाली पोचले. श्रीमंतला महिनाभराची सवय, त्याचा अंगठा आपोआप मोबाइलवर गेला आणि वेळ सुरू झाली.

आणि या सगळ्यांच्या पुढे, भगदाडातून, हातात नारळ घेऊन गुरुलिंगअप्पा बाहेर आले.

अंगणाच्या मधोमध पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं. साखराबाई दिसली, शिवगंगा दिसली, जावई दिसले. सिद्धम्मा नव्हती.

“सिद्धम्मा,” त्यांनी हाक मारली. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. ते भगदाडाकडे धावले, पण बाहेर येणाऱ्या पाहुण्यांच्या लोंढ्यानं त्यांना पुन्हा अंगणात आणून सोडलं.

आत सिद्धम्मा ओट्याशी उभी होती. दूध वर येत होतं आणि ते टाकून जाणं तिच्या हातून होईना. तिनं सवयीनं आकडे मोजायला घेतले. तेराला दूध काठाला आलं, चौदाला पूर्वेच्या बाजूनं उतू गेलं. पंधरा म्हणून तिनं शेगडी बंद केली आणि वर छताकडे पाहिलं. छत जागेवर होतं. घरात चिटपाखरू नव्हतं. बाहेर उन्हाचा नुसता वणवा पेटलेला आणि इथं मात्र गारवा होता. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली, आणि भगदाडातून अंगणातल्यांना धडधाकट दिसली.

अंगणात मन्मथरावांनी चुलत्यांना फोन लावला होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला.

“काका, आत्ता तिकडं जोरात हादरा बसला का?”

“हादरा कशाचा?” पलीकडून गुरुबसप्पा म्हणाले. “सण हाय, पुरणाला पाणी कमी पडलं म्हणून टाकी उघडली.”

“टाकीचा काय संबंध?”

“डबा टाकीच्या झाकणावर हाय की.”

मन्मथरावांनी एकदा गच्चीवरच्या भोंग्याकडे पाहिलं.

“काका, तो कोपऱ्यात सिमेंटमध्ये बसवला होता.”

“हाव, पण मागच्या महिन्यात कुणीतरी अर्धी टाकी उपसून नेली. आमच्या गावात सोनं उघड्यावर ऱ्हातंय, पाणी ऱ्हात न्हाई. तूच म्हनला होतास, डबा लई गुणाचा, म्हस भिंतीला घासली तरी वरडंल. म्हनलं, ह्याला कोपऱ्यात ठिवून काय फायदा? झाकणाला बांधला. आता बोट लागलं की गल्ली जागी होती. सकाळी आमचं पिण्याचं काढतंव, चारला म्हशीचं. एक थेंब गेला न्हाई तवापासून.” मग त्यांनी कौतुकानं विचारलं, “तिकडं बी वाजतंय का? बरं झालं. चोर चाकूरकडं पळाला तर धरा.”

मन्मथरावांनी फोन खिशात ठेवला. त्यांचा निबंध सव्वीस पानांवर गेला होता.

लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग हसू लागले. स्वामीसुद्धा निंबाला धरून हसले. हसू जरा ओसरल्यावर श्रीमंतनं मोबाइल वर धरला.

“अप्पा, सहा शेकंद,” तो म्हणाला. “साखराच्या निम्म्यात.”

मग पुन्हा हशा झाला. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी नारळ शेडाच्या दाराशी ठेवला आणि ते आत जाऊन सिद्धम्माच्या खाटेवर बसले. घरावर विश्वास ठेव म्हणून तेवीस वर्षं ज्या बाईच्या मागे लागलो, तिला आत ढकलून आपण पळालो. आणि ती आत राहिली. आता ती पुन्हा कधी येईल? यायचं तरी कुणाच्या शब्दावर? लाज म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.

जेवणं उरकली, आपापलं पाणी पिऊन पाहुणे पांगले. मग सिद्धम्मा वाटीत दूध घेऊन शेडात आली.

“प्या. परसाद हाय.”

“तुला सोडून पळालो म्या,” अप्पा खाली बघत म्हणाले.

“व्हय. सहा शेकंदात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. अप्पांनी वर पाहिलं. ती चक्क समाधानी दिसत होती.

“कवापासून म्हनत होते, चालून दाखवा, चालून दाखवा,” ती म्हणाली. “दाखवलं असतं तर कवाच आले असते आत.”

“म्हंजी?”

सिद्धम्मा खाटेच्या कडेवर बसली. “माझ्या माहेरी समदे आत होते. बाहेर एक जरी मानूस असता ना, त्यानं हाक मारली असती, उकरलं असतं. दुपारपतूर कुनी आलंच न्हाई.” तिनं खाटेवरची उशी सरळ केली. “तुम्ही तर आत झोपायचं सोडलं न्हाई कधी. कितीदा सांगितलं. मंग बाहेर कुनी थांबायचं?”

अप्पांच्या हातातली वाटी तशीच राहिली. तेवीस उन्हाळे आणि तेवीस पावसाळे ही बाई या पत्र्याखाली राहिली होती, आणि तेवढी वर्षं ते तिला भित्री म्हणत आले होते. त्यांनी दूध पिऊन टाकलं.

“आज डोळ्यानं बगितलं,” सिद्धम्मा उठत म्हणाली. “तुमची फिकीर मिटली. तुम्ही निगता बरोबर.” तिनं खाटेवरची आपली उशी उचलली आणि काखेत मारली. “घर चांगलं बांधलंय. गार हाय.”

“थांब, म्या बी येतो,” अप्पा उठले.

“तुम्ही कुठं येता? एक मानूस बाहेर पायजे.”

ती अंगण ओलांडून भगदाडातून आत गेली. पिपांच्या खोलीत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

चारच्या सुमारास श्रीमंत भोंग्याची वाट बघून बघून गल्लीत आला, तेव्हा पत्रे तापून तडतडत होते आणि गुरुलिंगअप्पा शेडाच्या दारात खाटेवर, घराकडे तोंड करून, घाम पुसत बसले होते.

“अप्पा, असल्या उन्हात हितं काय करायलाव?”

“हळू बोल,” अप्पा म्हणाले. “ती झोपलीय.”